इमॅन्युएल सेलर यांनी नेमकं काय केलं?

विचारलेला प्रश्न असा: अमेरिकेतल्या मराठी घरांत १९६५ च्या 'हार्ट–सेलर' स्थलांतर कायद्याचं नाव हमखास निघतं. त्यातले हे सेलर कोण? एकटा खासदार एवढा मोठा कायदा घडवू शकतो का? आणि आज भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, त्याचं खापर त्यांच्या माथी फोडायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: निम्मंच. सगळ्या देशांना सारखी कमाल मर्यादा हे तत्त्व त्यांच्या कायद्यातलं, पण आज रांग ज्या आकड्यांवर अडली आहे ते १९९० चे आहेत. राहिला एकट्या खासदाराचा प्रश्न. सेलर यांची खरी ताकद एका किल्लीत होती. कुठलं विधेयक कुठल्या टेबलावर जाईल आणि तिथे किती दिवस पडून राहील, हे ठरवण्याची ती किल्ली. ती कशी फिरते हे कळलं की त्यांची अख्खी कारकीर्द उलगडते, अभिमान वाटावा अशी बाजूही आणि खटकणारी बाजूही.

जन्म ६ मे १८८८, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. आजी-आजोबांची पिढी जर्मनीतून आलेली, बहुतेक ज्यू. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा बुडाला आणि ते वाइन विकू लागले. सेलर कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि घर त्यांच्या अंगावर पडलं. आधी वर्ग आणि मग वडिलांच्या गिऱ्हाइकांकडे वाइनची फेरी, असं करत ते १९१० मध्ये पदवीधर आणि १९१२ मध्ये वकील झाले. नोव्हेंबर १९२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे हाउसवर, म्हणजे प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ४ मार्च १९२३ ते ३ जानेवारी १९७३, म्हणजे ४९ वर्षं १० महिने ते तिथे होते. न्यूयॉर्क राज्यातून इतका काळ दुसरं कुणीच टिकलेलं नाही. हाउसच्या ज्युडिशिअरी, म्हणजे न्यायविषयक समितीचे ते १९४९ ते १९५३ आणि पुन्हा १९५५ ते १९७३ अध्यक्ष होते. मधली दोन वर्षं बहुमत रिपब्लिकनांकडे होतं, एवढाच खंड.

त्यांची पहिली मोठी लढाई १९२४ ची, आणि ती ते सपशेल हरले. त्या वर्षीच्या जॉन्सन–रीड कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला: १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या २ टक्के. यात टक्क्यांपेक्षा वर्षाकडे बघायला हवं. हाताशी १९२० ची जनगणना होती, तरी १८९० ची घेतली, कारण इटालियन, पोलिश आणि रशियातले ज्यू यांचा मोठा लोंढा १८९० नंतरचा. जुनी जनगणना धरली की त्यांचा आकडा आपोआप चिमुकला होतो आणि ब्रिटन-जर्मनीचा फुगतो. सेलर तेव्हा सभागृहात नवखे होते. ते या विधेयकाविरुद्ध तावातावाने बोलले. हाउसने ते ३२३ विरुद्ध ७१ मतांनी मंजूर केलं. त्या ७१ जणांतला हा नवखा खासदार ४१ वर्षांनी तोच कोटा मोडणारं विधेयक घेऊन उभा राहिला. अमेरिकेच्या संसदीय इतिहासात इतकी चिवट उदाहरणं फार थोडी आहेत.

भारतीयांची गोष्ट कोट्याच्याही बाहेरची होती. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा 'प्रतिबंधित' ठरवला होता आणि त्यात भारत होता. नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थांना १९१० मध्ये अपिलाच्या कोर्टाने गोरे मानून नागरिक करून घेतलं होतं. पण फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय लोक कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत असा निकाल दिला, आणि आधी दिलेली नागरिकत्वंही रद्द होऊ लागली. १९२४ च्या कोटा-तक्त्यात भारताच्या नावापुढे १०० चा आकडा दिसतो. त्यावरून अनेकांचा गैरसमज होतो. तो आकडा नागरिकत्वाला पात्र असलेल्यांसाठी होता, म्हणजे प्रत्यक्षात भारतात जन्मलेल्या गोऱ्यांसाठी.

हे दार २ जुलै १९४६ ला किलकिलं झालं. कनेक्टिकटच्या रिपब्लिकन खासदार क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट सेलर यांच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली. भारतीयांना वर्षाला १०० चा कोटा मिळाला आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नागरिक होण्याचा हक्क मिळाला. फिलिपिनो लोकांनाही त्याच कायद्याने तेच मिळालं. इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग यांनी त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये दारोदार फिरून पाठपुरावा केला होता. १०० हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण नागरिकत्वाचा परिणाम लगेच दिसला. कॅलिफोर्नियातले शेतकरी दलिपसिंग सौंद १९२० मध्ये शिकायला आलेले आणि जवळपास तीस वर्षं नागरिकत्वाविना राहिलेले. १९४९ मध्ये ते नागरिक झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर निवडून आले. तिथवर पोचलेले ते पहिले आशियाई.

आता किल्लीकडे येऊ. १९४६ च्या पुनर्रचना कायद्याने हाउसची स्थलांतराची वेगळी समिती मोडीत काढली आणि तो विषय १९४७ पासून ज्युडिशिअरी समितीकडे दिला. त्यामुळे १९४९ मध्ये सेलर अध्यक्ष झाले तेव्हा एका छताखाली स्थलांतर, नागरी हक्क, मक्तेदारी, घटनादुरुस्त्या आणि न्यायालयं एवढं सगळं आलं. अध्यक्षपद तेव्हा निव्वळ ज्येष्ठतेने मिळे. मतदारसंघ हातचा असला आणि माणूस जगला की खुर्ची पक्की. दर अधिवेशनात हजारो विधेयकं दाखल होतात. बहुतेकांचा शेवट समितीतच होतो, आणि तोही विरोधी मतदानाने नव्हे तर सुनावणीच न लावल्याने. भिजत घोंगडं ठेवायचं की वाळत घालायचं, हे अध्यक्षाच्या हातात.

ज्युडिशिअरीतल्या उपसमित्यांना तेव्हा नावांऐवजी क्रमांक होते. हे कामकाजाच्या सोयीचं वाटेल, पण मोठी सत्ता यातच होती. उपसमितीला 'स्थलांतर' असं नाव असेल तर स्थलांतराचं विधेयक तिथेच द्यावं लागतं. 'क्रमांक ५' असेल तर तिथे काहीही देता येतं. उपसमिती क्रमांक ५ चे अध्यक्ष सेलर स्वतः होते. मुळात ती मक्तेदारीविरोधी कामाची, पण जे विधेयक त्यांना मनापासून हवं असे ते या पाच नंबरकडे जाई. त्या काळच्या विधेयकांचे कागद वाचायला घ्याल तेव्हा प्रायोजकाच्या नावाआधी ते कुठल्या उपसमितीकडे पाठवलं ते पाहा. त्याचं पुढे काय होणार याचा अंदाज बहुतेक वेळा तिथेच येतो.

पाच नंबरमधून निघालेलं पहिलं मोठं काम मक्तेदारीविरोधाचं. १९१४ च्या क्लेटन कायद्याच्या कलम ७ ने स्पर्धा मारण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला बंदी होती. शेअर, एवढाच शब्द. मग कंपन्यांनी शेअर सोडून थेट कारखाने, यंत्रं, गोदामं, म्हणजे मालमत्ताच विकत घ्यायला सुरुवात केली. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं की कायद्यात मालमत्ता हा शब्द नाही, तेव्हा हात बांधलेले आहेत. ही फट दोन तपं उघडी राहिली. १९४८ मध्ये यू. एस. स्टीलच्या उपकंपनीने कन्सॉलिडेटेड स्टीलची मालमत्ता घेण्याच्या खटल्यात सरकार ५–४ ने हरलं आणि मग सुधारणेला धार आली. टेनेसीचे सिनेटर केफॉव्हर आणि सेलर यांच्या कायद्यावर २९ डिसेंबर १९५० ला सही झाली. मालमत्ता हा शब्द आत आला. शिवाय स्पर्धा फक्त त्या दोन कंपन्यांतलीच बघायची ही अट निघाली. त्यामुळे एकाच मालाचे दोन उत्पादकच काय, उत्पादक आणि दुकानदार यांचं एकत्रीकरणही कायद्याच्या कक्षेत आलं. १९६२ चा ब्राउन शू खटला हे त्याचं ठळक फळ: बुटांचा उत्पादक आणि किनी ही दुकानांची साखळी यांचं विलीनीकरण रद्द झालं, आणि काँग्रेसचा हेतू काय होता हे शोधताना न्यायालयाने १९५० च्या समिती-अहवालांचा कीस काढला. कायदा कमी पडला तो एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या धंद्यांच्या एकत्रीकरणात. साठच्या दशकात अशा कंपन्यांची लाट आली. सेलर यांनी तिची चौकशी लावली, पण तोवर बरंचसं पाणी वाहून गेलं होतं.

किल्लीची मर्यादाही लगेच दिसली. १९५२ चा मॅकॅरन–वॉल्टर कायदा सेलर यांच्याच समितीतून, त्यांच्या विरोधाला न जुमानता बाहेर पडला. पेनसिल्व्हेनियाचे फ्रान्सिस वॉल्टर त्यांच्याच पक्षाचे, समितीतले ज्येष्ठ, आणि सभागृहातलं बहुमत त्यांच्या बाजूचं. त्या कायद्याने नागरिकत्वातली वंशाची अट काढली हे खरं. पण जुना कोटा जवळपास तसाच ठेवला आणि आशियाई रक्ताचा माणूस जगात कुठेही जन्मला तरी त्याची गणती आशियाच्या कोट्यात, हा नियम पक्का केला. ब्रिटनचा कोटा वर्षाला ६५ हजारांवर, आणि त्यातला मोठा भाग न वापरता वाया जायचा. न वापरलेल्या जागा इतर देशांना वाटून द्या असं सेलर यांचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, तो दोन्ही सभागृहांनी उलटवला. पुढे १९५५ पासून समितीचे अध्यक्ष सेलर आणि स्थलांतराच्या उपसमितीचे अध्यक्ष वॉल्टर, अशी आठ वर्षं गेली. वॉल्टर १९६३ च्या मे महिन्यात वारले, तोपर्यंत स्थलांतर सुधारणेची एकही मोठी फाइल हलली नाही.

वंशभेदाला बंदी घालणारं नागरी हक्कांचं विधेयक मात्र पाच नंबरकडे होतं, आणि त्याचा प्रवास जवळून बघण्यासारखा आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं विधेयक, हाउसचा क्रमांक ७१५२, सेलर यांनी २० जून १९६३ ला दाखल केलं. सुनावण्या झाल्यावर उपसमितीतल्या उदारमतवाद्यांनी ते भरपूर कडक केलं. हेतू असा की पुढे घासाघीस होणारच, तेव्हा वरून सुरुवात करावी. सेलर यांनीही साथ दिली. ही चूक होती, आणि ती का हे समजून घ्यायला हवं. ओहायोचे विल्यम मॅकलक हे समितीतले सर्वांत ज्येष्ठ रिपब्लिकन. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार नगण्य होते, तरी केवळ पटलं म्हणून ते बरोबर आले होते. त्यांच्या अटी दोन: सिनेटमध्ये विधेयक पातळ करायचं नाही, आणि श्रेय दोन्ही पक्षांना द्यायचं. दक्षिणेतले डेमोक्रॅट विरोधात असल्याने रिपब्लिकन मतांशिवाय हाउसमध्ये बहुमत होत नव्हतं. कडक मसुदा मॅकलक यांना न विचारता झाला. आणि दक्षिणेतल्या सदस्यांनी ओळखलं की समितीत याच कडक मसुद्याला मत द्यावं, म्हणजे तो सभागृहात आपोआप आपटेल.

ऑक्टोबरमध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना समितीपुढे येऊन मसुदा सौम्य करा असं सांगावं लागलं. सेलर यांना स्वतःच्याच उपसमितीचं काम मागे घ्यावं लागलं. ते त्यांनी केलं, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात शहाणपणाचा क्षण. मॅकलक यांच्याबरोबर नवा मसुदा बांधला गेला आणि २९ ऑक्टोबरला समितीने तो २३–११ ने पुढे पाठवला. तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, केनेडी यांची हत्या झाली.

समितीतून सुटलेलं विधेयक थेट सभागृहात येत नाही. मध्ये रूल्स समितीचं नाकं असतं. चर्चा किती तास, दुरुस्त्या मांडता येतील की नाही, हे ती ठरवते. तिचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, नागरी हक्कांचे कट्टर विरोधक. सुनावणी न लावणं हे त्यांचं ठरलेलं हत्यार. त्यावर उपाय एकच: डिस्चार्ज पिटिशन. ४३५ पैकी २१८ सदस्यांनी सह्या केल्या तर समितीला बाजूला सारून विषय सभागृहात आणता येतो. सह्या मिळणं कठीण असतं, कारण आज दुसऱ्याच्या समितीला वळसा घातला तर उद्या आपल्या समितीला घालतील ही धास्ती प्रत्येकाला असते. एका अध्यक्षाने दुसऱ्या अध्यक्षाविरुद्ध असा अर्ज करणं तर रीतीला सोडूनच. सेलर यांनी ९ डिसेंबरला तो केला. २१८ सह्या भरल्या नाहीत, पण भरतील अशी हवा तयार झाली आणि तेवढ्याने काम झालं. स्मिथ यांनी जानेवारीत सुनावणी लावली आणि महिनाअखेर विधेयक सुटलं.

सभागृहातली अडचण वेगळी. दुरुस्त्यांवरचं मतदान तेव्हा नावानिशी होत नसे. सदस्य मोजणाऱ्यांसमोरून चालत जात आणि फक्त डोकी मोजली जात. कोण गैरहजर होतं हे मतदारांना कळायला मार्ग नसल्याने लोक जेवायला निघून जात आणि तेवढ्यात एखादी घातक दुरुस्ती मंजूर होई. म्हणून समर्थक संघटनांनी प्रेक्षक-गॅलरीत माणसं बसवली, जी चेहरे ओळखून कोण जागेवर नाही ते टिपत, आणि मग त्या कार्यालयात फोन जाई. खाली एका बाजूला सेलर, दुसऱ्या बाजूला मॅकलक. दोघांनी संमती दिलेली दुरुस्ती आत, बाकीच्या बाहेर. १० फेब्रुवारी १९६४ ला हाउसने विधेयक २९०–१३० ने मंजूर केलं.

सिनेटने जूनमध्ये बदलांसह ते परत पाठवलं. इथे एक बारकावा बहुतेक जण विसरतात. दोन्ही मसुद्यांचा मेळ घालायला संयुक्त समिती नेमली असती तर तिचा अहवाल पुन्हा सिनेटपुढे गेला असता आणि दक्षिणेच्या सदस्यांनी मतदान अडवायला दुसऱ्यांदा लांबलचक भाषणांचा बांध घातला असता. म्हणून हाउसने सिनेटचाच मसुदा जसाच्या तसा स्वीकारला, २८९–१२६. मॅकलक यांना तो मान्य होता, म्हणून हे शक्य झालं. त्याच दिवशी, २ जुलैला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

वर्षभराने स्थलांतर. सेलर यांचं विधेयक हाउसमध्ये २५८० क्रमांकाचं, सिनेटमध्ये फिलिप हार्ट यांचं. वॉल्टर यांच्या जागी आलेले ओहायोचे मायकेल फेहन यांनी उपसमितीत ते बराच काळ रखडवलं आणि त्याचा पोतच बदलून टाकला. सरकारच्या मसुद्यात पहिलं प्राधान्य कौशल्याला होतं, निम्म्या जागा त्यासाठी. फेहन यांनी नातेवाइकांना वर आणलं. अंतिम कायद्यात पूर्व गोलार्धाला वर्षाला १,७०,००० जागा, कुठल्याही एका देशाला जास्तीत जास्त २०,०००, आणि वाटणी सात गटांत: नागरिकांची अविवाहित मोठी मुलं २० टक्के, ग्रीन कार्डधारकांचे पती-पत्नी व अविवाहित मुलं २०, डॉक्टर-इंजिनिअर-शास्त्रज्ञ अशा व्यावसायिकांना १०, नागरिकांची विवाहित मुलं १०, नागरिकांची भावंडं २४, टंचाई असलेल्या कामांचे कामगार १०, निर्वासित ६. नागरिकांचे पती-पत्नी, लहान मुलं आणि आई-वडील या मोजणीच्या बाहेर. हाउसमध्ये २५ ऑगस्ट १९६५ ला ३१८–९५, सिनेटमध्ये ७६–१८, आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही. पूर्ण अंमल १ जुलै १९६८ पासून.

चर्चेत सेलर यांनी सभागृहाला सांगितलं होतं की आशिया-आफ्रिकेतल्या लोकांचे इथे नातेवाईकच थोडे, तेव्हा तिकडून तुलनेने थोडेच येतील. त्या दिवशीच्या आकड्यांकडे बघून केलेला हा हिशेब होता आणि तो चुकला. फेहन यांच्यासारख्यांना नातेवाइकांचं प्राधान्य हवं होतं ते युरोपचं प्रमाण टिकावं म्हणून. पण युरोप तोवर सुस्थितीत आला होता. उलट भारतातून तिसऱ्या गटातून, म्हणजे त्या १० टक्क्यांतून, डॉक्टर आणि इंजिनिअर आले. पाच वर्षांनी ते नागरिक झाले. मग पाचव्या गटातून भावंडं, आणि मोजणीबाहेरून आई-वडील. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून गेलेल्या पहिल्या पिढीच्या घरी आधी कोण आलं आणि मागून कोण, हे त्या क्रमाशी ताडून पाहा. बऱ्याच घरांत ते तंतोतंत जुळेल.

ग्रीन कार्डाच्या रांगेत या कायद्याचे तीन धागे अजून आहेत. पहिला, कामगार खात्याची मंजुरी. आधी खात्याने हरकत घेतली तरच अर्ज अडे. १९६५ पासून खात्याने होकार दिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. आजचं 'पर्म' हे त्याचंच रूप. दुसरा, प्रत्येक देशाला सारखी मर्यादा, देश छोटा असो वा मोठा. १९२४ च्या भेदभावावरचा तो उतारा होता, आणि तेव्हा तो न्याय्यच होता. तिसरा, गणती जन्मदेशावरून, नागरिकत्वावरून नव्हे. म्हणून नाशिकला जन्मून कॅनडाचे नागरिक झालात तरी रांग भारताचीच. सूट एक आहे: पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्या देशाच्या रांगेत गणती मागता येते. अर्ज भरताना हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

आजचा आकडा मात्र १९९० च्या कायद्याचा. कुटुंबासाठी किमान २,२६,००० आणि नोकरीसाठी १,४०,००० मिळून ३,६६,०००. त्याच्या ७ टक्के, म्हणजे एका देशाला २५,६२०. नोकरीच्या दुसऱ्या गटात (ईबी-२) भारताच्या हक्काच्या जागा वर्षाला सुमारे २,८०० आणि त्यात बायका-मुलंही मोजली जातात. इतर देशांच्या उरलेल्या जागा मिळतात तेव्हाच रांग पुढे सरकते. एच-१बी व्हिसा देखील सेलर यांच्या खात्यावर टाकू नका. तात्पुरत्या कामाचा एच गट १९५२ चा, आणि एच-१बी हे रूप १९९० चं.

आता दुसरी बाजू. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती १९२३ पासून काँग्रेसच्या दर कार्यकाळात दाखल होत होती. ज्युडिशिअरी समितीत सेलर यांनी तिला दोन दशकं सुनावणी दिली नाही. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यातल्या स्त्रियांना संरक्षण देणारे कामाच्या तासांचे वगैरे कायदे त्यामुळे उडतील. कामगार संघटनांचंही बरीच वर्षं हेच मत होतं. पण कायदे बदलले, संघटना बदलल्या, तरी सेलर बदलले नाहीत. १९६४ च्या विधेयकात नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात 'लिंग' हा शब्द घालण्याची दुरुस्ती आली तेव्हाही ते विरोधात उभे राहिले. घरात शेवटचे शब्द माझेच असतात आणि ते म्हणजे 'हो, बाईसाहेब', अशा अर्थाचा विनोद करून त्यांनी तो विषय हसण्यावारी नेला. मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स यांनी उठून सांगितलं की स्त्रिया दुय्यम आहेत याला पुरावा हवा असेल तर हे हसू पुरेसं आहे. दुरुस्ती १६८–१३३ ने मंजूर झाली.

१९७० मध्ये त्याच ग्रिफिथ्स यांनी सेलर यांच्या समितीविरुद्ध डिस्चार्ज पिटिशन दाखल केलं. सहा वर्षांपूर्वी स्मिथ यांच्याविरुद्ध सेलर यांनी उपसलेलं हेच हत्यार. या वेळी २१८ सह्या पूर्ण झाल्या. १० ऑगस्टला सभागृहात विरोधी मतं पडली अवघी १५. सुनावणी रोखून धरल्याने सेलर यांच्या हाती काय लागलं, तर त्यांना ज्या बारीकसारीक अटी घालून घ्यायच्या होत्या त्या घालायची संधीही गेली. घोंगडं भिजत ठेवणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाला हा धोका असतो.

जून १९७२ मध्ये ब्रुकलिनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत तिशीतल्या वकील एलिझाबेथ होल्ट्झमन त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. सेलर ८४ वर्षांचे होते. त्यांनी तिला वॉशिंग्टन स्मारक पाडू पाहणाऱ्या दातकोरण्याची उपमा दिली आणि प्रचार जवळजवळ केलाच नाही. होल्ट्झमन मात्र सिनेमांच्या रांगांत उभ्या असलेल्या लोकांशी बोलत, घरोघर फिरत, व्हिएतनाम युद्ध आणि समान हक्क हे दोन विषय लावून धरत होत्या. सेलर यांच्या वकिली कंपनीला दोन दारं, एकावर त्यांचं नाव आणि सरकारशी संबंधित कामं घेणाऱ्या दुसऱ्यावर नाही, ही जुनी टीकाही पुन्हा वर आली. सहाशेच्या आसपास मतांनी ते हरले.

समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने न्यू जर्सीच्या पीटर रोडिनो यांच्याकडे गेलं. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची सुनावणी याच समितीत झाली आणि तिच्या बाकांवर होल्ट्झमन होत्या. १९७९ मध्ये त्या स्थलांतराच्या उपसमितीच्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे वॉल्टर आणि फेहन यांच्या खुर्चीवर. मार्च १९८० मध्ये सही झालेल्या निर्वासित कायद्यावर त्यांनी हाउसमध्ये काम केलं. त्या कायद्याने निर्वासितांना कोट्यातून वेगळं काढून स्वतंत्र व्यवस्था दिली आणि १९६५ च्या यादीतला सातवा गट, ते ६ टक्के, रद्द झाला. १५ जानेवारी १९८१ ला सेलर ब्रुकलिनमध्ये वारले, तेव्हा त्यांच्या यादीतले बाकीचे सहा गट चालू होते.